रविवारची हजेरी

लेस्टर, इंग्लंड

ती. दादांस,
सप्रेम सलाम.

रविवारी उपासनेला जाता की नुसतं फिरायला, असं तुम्ही फोनवर विचारलंत. दादा, दोन्हीकडे नाही. वृद्धाश्रमातल्या नर्सचा रविवार म्हणजे आदल्या दिवशी आलेला सोमवार! तुम्ही वेरूळहून छावणीतल्या चर्चला निघता आणि दौलताबादच्या दरवाजात एसटी अडकली की तिथंच 'उपासना संगीत' उघडता. मी त्या वेळी गोळ्यांची पेटी उघडते. ह्यांनी घरी मोबाइलवर उपासना लावली, तर चिरंजीवांनी नेमका दानाच्या वेळी आवाज बंद केला.

शेवटी मत्तयाचा 25वा अध्याय काढला. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. अहो, ही तर आमच्या एका मजल्याची यादी! भरवायचं, चहा पाजायचा, अंघोळ घालून कपडे चढवायचे. परकी मी स्वतःच. बंदिवानाची काय ती उणीव, तर कोपऱ्यातल्या खोलीतले आजोबा रोज दार बडवतात, "मला सोडा, मी काही केलेलं नाही!"

गोड म्हाताऱ्यांत प्रभू कुणालाही दिसेल. परवा ह्याच आजोबांनी अख्खा चहा माझ्या अंगावर ओतला. तेव्हा मला प्रभूबिभू काही दिसला नाही, आजोबाच दिसले. पण अध्याय नीट वाचा. उजवीकडचे असोत की डावीकडचे, आम्ही तुला कधी पाहिलं, हेच सगळे विचारतात. ओळखलं एकानंही नव्हतं. पास झाले ते कामावर. मग मी दुसरा कप केला. जरा गारच केला.

उशिराच्या पाळीनंतर बस नसते. शेजारचे टॅक्सीवाले सरदारजी घरी सोडतात, पैसे घेत नाहीत, वर गुरुद्वाऱ्याच्या लंगरातली डाळ हातात देतात. आई म्हणेल, ते कुठं आपल्यातले? तिला सांगा, रेव्हरंड टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. सरदारजी तर पगडीसकट तयार दरबारी! आणि तुम्ही काय बोलणार, दादा? एका डोंगरात बौद्ध 12, हिंदू 17, जैन 5 अशी लेणी दाखवूनच तर आम्हाला वाढवलंत.

मोठ्या सिस्टरला विचारून ती डाळ आजोबांना चाखवली. आता ते दार बडवतात ते डाळीसाठी. पुढच्या पार्सलात मेतकूट घालायला आईला सांगा.

तुमची,
बेबी