दोष लिनक्सचा नाही

नांदेडच्या वजिराबादेत विचारा, नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत. लिनक्स टाकलेला लॅपटॉप आणि न चालणारं डोंगल समोर ठेवलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘लिनक्सवर नेट चालत नाही, विंडोज मारून देतो.’ हे साफ खोटं आहे. आणि त्याची किंमत मोजतो तो विद्यार्थी, तीही फॉर्मची शेवटची तारीख तोंडावर आलेली असताना.

हा जुना विषय आत्ताच का काढायचा? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ न पेलणारे लॅपटॉप आपल्याकडे घरोघरी पडून आहेत. त्यांवर लिनक्सचं उबुंटू किंवा मिंट टाकणं हा बिनपैशाचा आणि शहाणपणाचा मार्ग आहे. पण किनवट, मुखेड, निलंग्याकडच्या ज्या गावांत फायबर दारापर्यंत आलेलं नाही, तिथे नेटची सगळी भिस्त सिमवर आणि सिम घातलेल्या डोंगलवर.

खरी गोम डोंगलात आहे. हुवावे, झेडटीईची बरीच जुनी डोंगलं जोडल्या जोडल्या मोडेम म्हणून पुढे येतच नाहीत, सीडी म्हणून येतात. त्या नकली सीडीत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. तो बसला की डोंगल रूप बदलतं आणि मोडेम होतं. कंपन्यांनी विंडोजवाल्यांची सोय पाहिली, बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं. लिनक्सवर हे रूप बदलून घेण्याचं काम ‘यूएसबी मोडस्विच’ करतं. जर्मनीतल्या योसुआ डिट्झे यांनी ते लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. धंदा करणाऱ्यांची जबाबदारी एका माणसाने उचलली, याची नोंद आपण ठेवायला हवी.

आता करून पाहा. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ हा आदेश द्या. हुवावेचं ई१५५० असेल तर यादीत १२डी१:१४४६ असा क्रमांक दिसेल. पहिला भाग कंपनीचा. दुसरा सांगतो की डोंगल अजून सीडीच आहे. थोडं थांबून तोच आदेश पुन्हा द्या. १४४६ च्या जागी १००१ आलं की मोडेम जागा झाला. मग कर्नलमधला ‘ऑप्शन’ नावाचा ड्रायव्हर त्याला धरतो आणि ‘डीमेसेज’ (dmesg) या आदेशाच्या ओळींत नवे पोर्ट जोडले गेल्याचं दिसतं. क्रमांक हललाच नाही, तर बहुधा मोडस्विच बसलेलं नसतं. ते उतरवायला नेट हवं आणि नेटच तर नाही! इथे पोरं हात टेकतात. टेकू नका. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग सुरू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही.

मोडेम दिसतो पण नेट येत नाही, असं असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. सिमचा पिन काढा, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये एपीएन तपासा: बीएसएनएलला बीएसएनएलनेट, जिओला जिओनेट. डोंगल हबला लावलं असेल तर काढून थेट लॅपटॉपला लावा. कमी वीज मिळाली की ते मध्येच गळून पडतं.

काही डोंगलं मात्र खरंच संपली आहेत. टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्टची सीडीएमए डोंगलं कुठल्याच ड्रायव्हरने उठणार नाहीत, कारण पलीकडची सेवाच बंद झाली. एअरटेलनेही २०२० मध्ये थ्रीजी आवरलं. तेव्हा जुन्या बाजारात ‘चालू आहे’ म्हणून थ्रीजीचं डोंगल गळ्यात मारू देऊ नका. घ्यायचंच तर फोरजीचं आणि हायलिंक पद्धतीचं घ्या. ते लिनक्सला सरळ नेटवर्क कार्डासारखं दिसतं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ टाकलं की त्याचं पान उघडतं, ड्रायव्हरची भानगडच राहत नाही.

एवढी माहिती डोंगलच्या खोक्यावर दोन ओळींत मावते. ती कंपन्यांनी छापली पाहिजे आणि ग्राहकांनी मागितली पाहिजे. २००१ पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यात संगणक शिकवला. त्या वर्गात एक तास लिनक्सलाही मिळावा.

विष्णुपुरीच्या एसजीजीएसमधल्या आणि लातूरच्या बिडवे अभियांत्रिकीतल्या मुलामुलींनो, तुम्हाला हे सगळं येतं. महिन्यातून एका रविवारी वजिराबादेत, गंजगोलाईत एक टेबल टाका. लोकांचे लॅपटॉप सुरू करून द्या आणि शेजारच्या दुकानदारालाही जवळ बोलावून दाखवा.