सुपरमॅन, दुपट्टा आणि कलम ५२

भर मे महिन्यात सुपरमॅन बडनेऱ्याला उतरतो. ऊन असं, की लाल झगा काढून डोक्याला दुपट्ट्यासारखा बांधतो. लोक दाखवतील ते उचलतो. रुतलेला ट्रॅक्टर, बंद पडलेली एसटी. शेवटी बाजार समितीच्या दारात घामाघूम बसून म्हणतो, "सारं उचलून पायलं भौ, पण कापसाचा भाव काई उचलून नाई रायला."

हे कॉमिक अमरावतीच्या एका पोरानं काढलं. छापण्याआधी अकोल्याच्या वकीलमामांना दाखवलं, तिथंच चुकला. मामा पोट धरून हसले आणि डोळे पुसत म्हणाले, "हे बेकायदेशीर असू शकते बावा."

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ सवलतींचं आहे. समीक्षेसाठी उतारा घ्या, चालतं. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवा, तेही चालतं. बँडवाल्यांची कायद्याला आठवण आहे. विडंबन हा शब्द मात्र कुठंच नाही. फ्रान्सच्या कायद्यात आहे, ब्रिटननंही २०१४ साली घातला. आपल्याकडं विनोदाला कोर्टात जायचं तर समीक्षेचा कोट चढवून जावं लागतं. (समीक्षा वाचून कोणी हसल्याचं ऐकिवात नाही. समीक्षकांचं नाव काढल्यावर हसतात, ते वेगळं.)

मामांकडं एक आधार होता. थोप्पिल भासींच्या गाजलेल्या मल्याळम नाटकावर सिविक चंद्रन यांनी उलटं नाटक लिहिलं. १९९६ साली केरळ उच्च न्यायालयानं ते रोखायला नकार दिला. किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ मालाशी स्पर्धा होते का, हे पाहिलं.

"स्पर्धा कायची?" पोरगं खुश झालं. "आपला दुपट्टेवाला पाहून कोनी इंग्रजी सुपरमॅन घेनं सोडन काय?"

"ते ठीक. पन किती घेतलं? अख्खा मानूस उचलला तू!"

अमेरिकेत १९७१ साली डॅन ओ'नील आणि मंडळींनी मिकी माऊसला कॉमिकमध्ये नको ते धंदे करायला लावले. डिस्नेनं खटला भरला. १९७८ साली अपील कोर्ट म्हणालं, थट्टेला लागेल त्याहून जास्त नक्कल केलीत. किती रेषांनंतर जास्त होतं, हे खटला हरल्यावर कळतं.

"आन हे समीक्षा तरी कोनाची?" मामांनी विचारलं. "सुपरमॅनची का कापसाच्या भावाची?"

"भावाची."

"मंग फसला." १९९४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हाच फरक सांगितलाय: थट्टा मूळ कृतीचीच असेल तर बाजू भक्कम, दुसऱ्याच कोणाला हाणायला ती उसनी घेतली, तर कारण द्या.

पोरानं मग सुरक्षित माल शोधला. रविकिरण मंडळाचे कवी माधव जूलियन काही काळ अमरावतीत शिक्षक होते. ते १९३९ साली गेले, कविता कॉपीराइटमधून केव्हाच मोकळ्या झाल्या. त्या मंडळाची 'झेंडूची फुले' या विडंबनसंग्रहात टर उडवणारे अत्रे १९६९ साली गेले. मृत्यूनंतर साठ वर्षं धरली, तर २०२९ संपेपर्यंत त्या टवाळीवर पहारा आहे.

तूर्त जूलियनांच्या कवितांचं कॉमिक सुरू आहे. अत्र्यांचं २०३० च्या जानेवारीत.