दीड सुताचे गुरुजी

गुरुजींची फियाट नारायणगडाच्या उतारावर थांबली नाही, ही बातमी बीडमध्ये गुरुजींच्या आधी पोचली.

खरं तर ती पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९७२ मध्ये प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली. पण सासरी नाव बदललेल्या लेकीला गाव जुन्याच नावानं हाक मारतं, तशी आमच्याकडे ती फियाटच राहिली. गुरुजींची १९७८ची. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनं २०२३च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेतला, तेव्हा गुरुजींनी ती बातमी पोर्चमध्ये उभं राहून गाडीला वाचून दाखवली आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "तुझं असं होऊ देणार नाही."

असे गुरुजी दर तालुक्याला एक असतात. पेन्शन बँकेत, भरवसा कुणावरच नाही. इंजिन ऑइल अमावास्या-पौर्णिमा पाळावी तसं बदलतील, ब्रेक ऑइल मात्र "सांडलं नाही, तर बदलायचं कशाला?" म्हणून जन्मात बदलणार नाहीत. ते ऑइल हवेतली ओल पीत राहतं आणि लोखंडी पाइप आतून गंजवतं, हे त्यांना कोण सांगणार? त्यातून या गाडीच्या ब्रेकला एकच सर्किट. एकादशीच्या दर्शनाहून उतरताना मागचा पाइप फुटला आणि चारही चाकांनी एकदम राजीनामा दिला. हँडब्रेकनं अब्रू राखली.

मिस्त्रीनं पाइप बघितला. "गुरुजी, कामून टेन्शन घेताव? फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी आणतो, तासाभरात बसवतो."

"तांब्या पाणी प्यायला," गुरुजी म्हणाले. "ब्रेकला लोखंडच."

रागानं म्हणाले, पण बरोबर म्हणाले. तांबं वळायला मऊ. मात्र गाडीच्या थरथरीनं ते हळूहळू कडक होत जातं आणि एक दिवस सांध्याशी तडकतं. गुरुजींनी पोलादी पाइप मागवला, पावणेपाच मिलिमीटरचा, मिस्त्रींच्या भाषेत दीड सूत. आणि मला बोलावलं. मी त्यांचा चौथीचा विद्यार्थी. वय पंचेचाळीस.

आधी बाइंडिंगची तार घेऊन ते गाडीखाली शिरले. जुना पाइप जिथून गेला होता, अगदी तिथूनच तार वळवत नेली. मी म्हटलं, "गुरुजी, इकडून सरळ नेला तर हातभर पाइप वाचेल."

"सरळ? खाली सायलेन्सर आहे, डोळे आहेत का? ऑइल उकळेल." मग खालूनच आवाज आला, "गडाची दिंडी पंढरपूरला जाते, तिची वाट तू बदलतोस का? वाट ठरलेली असते. मुक्कामही."

त्या दिवसापासून क्लिपा म्हणजे मुक्काम. चेसिसला पाइप घासू नये म्हणून वीतभरावर एक, खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी. आणि मास्टर सिलिंडरजवळ पाइपाला जो एक गोल वेढा द्यायचा, थरथर पचवायला, त्याला गुरुजी रिंगण म्हणू लागले. तो त्यांनी ऑइलच्या बाटलीभोवती वळवला. तीनदा. पहिले दोन त्यांच्या मते "अक्षर चांगलं नाही" म्हणून नापास.

खरी मजा फ्लेअरिंगची. पाइपाचं तोंड साच्यात धरून आधी फुगवायचं, मग आत दुमडायचं. तो डबल फ्लेअर. अर्धा तास जीभ दाताखाली धरून गुरुजींनी दोन्ही टोकं केली. चष्मा वर सरकवून पाहिली. सुबक. मग त्यांचं लक्ष बॉनेटवर गेलं. तिथं दोन्ही नट बसले होते, लग्नाला यायचं राहून गेलेल्या मामांसारखे. फ्लेअर झाल्यावर नट पाइपात जातच नाही. तो आधी ओवायचा असतो.

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. "नट कुणी घालायचे होते?"

मी, चौथीत असल्यासारखा, मान खाली घातली.

टोकं कापली, पाइप आखूड झाला, नवा आणला. तो बसल्यावर हवा काढायची पाळी. सगळ्यात लांबचं चाक आधी. मी पॅडलवर, गुरुजी निपलपाशी. "दाब! धर! सोडू नकोस म्हटलं ना! सोड!" गल्लीतल्या लोकांना वाटलं, माझा जुना हिशेब चुकता होतोय. ऑइलचे चार थेंब मडगार्डावर उडाले. गुरुजींनी घाईनं पाणी ओतलं, तरी तितक्यात तिथला रंग फुगलाच. मिस्त्री फाटकाशी उभा राहून बघत होता. म्हणाला, "माझी मजुरी नका देऊ, पण गडावरच्या नगद नारायणाला नारळ तेवढा फोडा." गुरुजींना त्यात नगद तेवढं ऐकू आलं. ते खिसा चाचपू लागले.

पुढच्या एकादशीला आम्ही गड चढलो. धाकटी पंढरी ती, वर गर्दी. दर्शनाआधी गुरुजींनी गाडी पटांगणात लावली, पॅडल कचकन दाबून धरायला मला बसवलं आणि स्वतः धोतराचा सोगा खोचून गाडीसमोर पालथे पडले. तोंड देवळाकडे होतं, हा योगायोग. एक म्हातारी थांबली. तिनं हात जोडले, शेजारणीला म्हणाली, "बघ बाई, मास्तरची भक्ती. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या."

गाडीखालून आवाज आला, "पाणी नाही, ऑइलही नाही. एक थेंब नाही रे! सोड आता पाय."