टॅब बंद करू नका

रसायनीत मोहोपाड्याच्या बाजारातलं कुठलंही झेरॉक्सचं दुकान घ्या. पोरगा पाताळगंगा एमआयडीसीतल्या नोकरीसाठी अर्ज भरतोय. मार्कशीटची पीडीएफ ९९ टक्क्यांवर अडलीय आणि खाली लाल अक्षरांत हुकूम: ‘टॅब बंद करू नका.’ म्हणजे श्वास घ्यायला परवानगी आहे, आईचा फोन घ्यायला नाही.

टॅब मिटल्यावरही फाइल पाठवत राहायची सोय, बॅकग्राउंड फेच, क्रोमने २०१९ मध्येच दिली. फायरफॉक्स आणि सफारीने ती घेतलीच नाही. त्यामुळे हप्त्यावर आयफोन घेतलेला गडी इथे स्वस्त अँड्रॉइडवाल्याच्या मागे. अर्थात अँड्रॉइडवाल्यानेही हुरळू नये. साइटवाल्याने ती सोय वापरली असेल तर ना!

सगळ्या ब्राउझरांत चालणारा उपाय तसा साधा आहे. फाइलचे तुकडे करून पाठवायचे, कुठवर पोचले ते सर्व्हरने लक्षात ठेवायचं, लाइन तुटली की तिथूनच पुढे. पण एवढी स्मरणशक्ती बहुधा टेंडरात बसत नसावी. लाइट गेली, राउटर झोपला, की पुन्हा शून्यापासून. दुकानदाराची मात्र तक्रार नाही. तो अपलोडचे पैसे दर खेपेला घेतो.