पट्ट्यापुढचे भाऊसाहेब

अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही कॉलनीत हल्ली एक तरी भाऊसाहेब जपान पाहून आलेले असतात. निवृत्त हेडमास्तर नाहीतर बँकेतून रिटायर झालेले. गावाकडं आठ-दहा एकर, गळ्यात माळ. पोरगा बडनेऱ्याच्या किंवा शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघाला तो थेट टोकियोच्या निशी-कासाईत, म्हणजे जिथं भारतीयांची वस्तीच झाली आहे तिथं, जाऊन राहिलेला. मुलाकडे उन्हाळा काढून आले की भाऊसाहेब सकाळी नेहरू पार्कात किंवा वडाळी तलावाकडं फिरायला येतात, आणि बुलेट ट्रेनबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ती तर टीव्हीवरही दिसते. ते बोलतात पट्ट्याबद्दल.

"राजेहो, आपन बसून रायचं. जेवन समोरून जाऊन रायते!"

पट्टा म्हणजे सुशीच्या हॉटेलातला फिरता पट्टा. त्याचा इतिहास भाऊसाहेबांना पाठ आहे. ओसाकाकडच्या योशिआकी शिराइशी नावाच्या हॉटेलवाल्याला वाढायला माणसं मिळेनात. त्यानं एकदा बिअरच्या कारखान्यात (हे शब्द माळकरी भाऊसाहेब जरा हळू उच्चारतात) पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि १९५८मध्ये तसाच पट्टा हॉटेलात बसवला. १९७०च्या ओसाकातल्या जागतिक प्रदर्शनानं तो देशभर गाजवला.

पट्ट्याचा वेग सेकंदाला साधारण आठ सेंटीमीटर. हा आकडा कळल्यावर गप्प बसतील तर ते भाऊसाहेब कसले? तासाला २८८ मीटर, असा हिशेब त्यांनी तिथंच पेपर नॅपकिनवर मांडला. "मंजे मूर्तिजापूरले प्लेट ठेवली, तर ७६ किलोमीटरवर अचलपूरले बरोबर अकराव्या दिवशी पोचते. आपली शकुंतला रेल्वे बंद पडली थे पडली, पन याच्याहून जोरात चालत होती!"

पहिल्या दिवशी मात्र भाऊसाहेब त्या पट्ट्यापुढे उपाशी बसले होते. सगळा जन्म वऱ्हाडातल्या पंगतीत गेलेला. रोडग्यांच्या जेवणात वाढणारा समोर आला की पत्रावळीवर हात आडवा धरून "नको, नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा आला की "बस झालं जी" म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा त्यानं दटावून वाढलं की मुकाट्यानं खायचं, ही त्यांची रीत. पहिल्याच हाकेला "वाढा" म्हणणारा माणूस घरी उपाशी असतो, असा वऱ्हाडचा समज. त्या रीतीप्रमाणं पहिली प्लेट समोर आली तेव्हा भाऊसाहेबांनी हात आडवा केला. प्लेट गेली. दुसरी आली, त्यांनी मान हलवली. तीही गेली. पंधरा मिनिटं भाऊसाहेब एका यंत्राला "नको" म्हणत होते आणि यंत्र ते खरं मानत होतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, घ्या नं. कोनी आग्रह करनार नाही." भाऊसाहेब म्हणाले, "तेच तर वाईट आहे, बेटा."

मग काकडीच्या गुंडाळ्यांची एक प्लेट पूर्ण चक्कर मारून पुन्हा समोर आली. त्यांनी तीही जाऊ दिली. ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. "तीनदा आली बिचारी! आता नाही म्हननं बरं दिसत नाही." त्या क्षणापासून जपानी माणसाला आग्रह कळतो, असं त्यांचं ठाम मत झालं. फार वेळ फिरलेली प्लेट पट्ट्यावरून काढून टाकतात, हे मुलानं सांगितल्यावर तर त्यांना राहवेना. शेगावला १८७८मध्ये गजानन महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. त्या महाराजांचा भक्त डोळ्यांदेखत अन्न वाया जाऊ देईल? भाऊसाहेबांनी काकडीच्या शिळ्या होऊ घातलेल्या प्लेटा वाचवायला सुरुवात केली.

माळकऱ्याला मासे वर्ज्य, म्हणून त्यांनी उरलेल्या जिनसांची चौकशी केली आणि चाटच पडले. हा नट्टो? आंबवलेलं सोयाबीन. ह्या हिरव्या शेंगा? सोयाबीन. हा टोफू, हे मिसो, हा बाटलीतला काळा रस्सा? सोयाबीन, सोयाबीन, सोयाबीन. "अरे, आम्ही थे पेरतो, काढतो आन् पोतं बाजारात नेऊन भावासाठी रडतो. २०२४-२५चा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, अन् हातात येते त्याहून कमी. अन् हे लोक त्याच्यावर आख्खं हॉटेल चालवून रायले!" नट्टोची तार चॉपस्टिकपासून मिशीपर्यंत लोंबत असताना त्यांनी हे भाषण केलं. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी कृषिमंत्री असताना जपानी पद्धतीच्या भातशेतीचा देशभर प्रचार केला होता. जपानचा भात आपण घेतला, जपाननं आपलं सोयाबीन का घेऊ नये, असा प्रश्न ते आता भेटेल त्याला विचारतात.

बिलाची वेळ आली की तिथं रिकाम्या प्लेटा मोजतात. पंगतीत जिलब्यांचा पुरावा पोटात जिरतो, इथं तो टेबलावर चळत होऊन उभा राहतो. भाऊसाहेबांच्या हॉटेलात मात्र प्लेटा खाचेत टाकायच्या; पाच टाकल्या की पडद्यावर खेळ सुरू होतो आणि नशीब असलं तर खेळणं मिळतं. भाऊसाहेबांनी सगळा दोष नातवावर ढकलला: "पोट्ट्याले खेळनं पाहिजे होतं, म्हनून खाल्लं."

२०२३च्या सुरुवातीला एका पोराचा हॉटेलातली सॉसची बाटली चाटतानाचा व्हिडिओ पसरला. नंतर पुष्कळ हॉटेलांनी पट्ट्यावर मोकळ्या प्लेटा फिरवणं थांबवलं. अशा ठिकाणी आता पडद्यावर बोट दाबावं तेव्हाच प्लेट येते. ह्याचं भाऊसाहेबांना फार वाईट वाटतं. "मंजे मागून खायचं?" वऱ्हाडात मागून खाणं ही नामुष्की. अलीकडं आपल्याकडच्या लग्नातही तेच झालं आहे म्हणा. बुफेत अन्न जागेवर उभं आणि पाहुणा ताट घेऊन फिरतो. जपानात निदान माणूस बसलेला असतो.

तर वाचकहो, तुमच्या कॉलनीतले भाऊसाहेब घरी जेवायला आले आणि "नको" म्हणाले, तर भांडं आत नेऊ नका. परत आणा, आणि एकदा आणखी परत आणा. तिसऱ्या खेपेला ते घेतात.