डोंगरीची डंगरी

मॉलमध्ये लहान मुलांच्या कपड्यांत हमखास दिसते. छातीवर चौकोनी तुकडा, खांद्यावरून दोन पट्टे, पुढे पितळी बकल. पाटीवर नाव 'डंगरीज'. विकणारा इम्पोर्टेड स्टाइल म्हणून विकतो, घेणारा त्याच हौसेने घेतो.

इम्पोर्टेड कुठली? मुंबईत सँडहर्स्ट रोड स्टेशनला उतरा आणि चालायला लागा. डोंगरी येईल.

इंग्रजी कोश हा शब्द थेट आपल्याकडच्या 'डुंगरी'पर्यंत आणून सोडतात. डुंगरी म्हणजे जाडंभरडं, स्वस्त सुती कापड. मुंबईच्या डोंगरीत ते विकलं जाई, म्हणून हे नाव, असं कोशकार सांगतात. बंदर जवळच. खलाशांनी ते उचललं. त्याची शिडं झाली, तंबू झाले, गरिबाच्या अंगावरचे कपडे झाले. निळीत बुडवलं की मळही खपून जाई.

साहेबाने जहाजं भरभरून नेलं. अंगाला मात्र मजुराच्याच लावलं.

पुढे शब्द जाईल तिथे अर्थ पालटत गेला. ब्रिटनमध्ये डंगरी म्हणजे पट्टेवाली पँट. दुसऱ्या महायुद्धात शेतं कसणाऱ्या 'लँड आर्मी'तल्या बायकांनी तीच घातली. अमेरिकेत साधी निळी कामाची पँट, नौसैनिकांचीसुद्धा. ऑस्ट्रेलियात तर 1915 साली वॉरविकहून ब्रिस्बेनला सैन्यभरतीसाठी पदयात्रा निघाली, तिचं नावच 'डंगरीज'. भरती झालेल्यांना हेच निळे कपडे मिळाले होते. आणि आपल्या कारखान्यात? गळ्यापासून घोट्यापर्यंतचा बॉयलर सूट.

देश बदलला, शिवण बदलली. घाम गाळणारा तोच राहिला.

मग फॅशनवाले आले. डंगरीच्या मांडीवर एक पट्टी असते, पाहिलीय? ती हातोडा अडकवायची. दोन वर्षांच्या बाळाच्या डंगरीवरही ती इमानेइतबारे शिवलेली असते.

सुताराची पट्टी राहिली. सुतार गेला.

आता शेजारपाजार बघा. डेनिम हे फ्रान्समधल्या नीम शहराचं नाव, जीन्स हे इटलीतल्या जेनोवाचं. जेनोवाच्या संग्रहालयात सोळाव्या शतकातली, निळ्या कापडावर रंगवलेली ख्रिस्ताची चित्रं आहेत. जीन्सचे पूर्वज म्हणून ती अभिमानाने दाखवली जातात.

आणि आपण?

डोंगरी म्हटलं की टोळ्या, डॉन आणि वेब सिरीज. वाचणाऱ्याला फार तर आगरकर आठवतील. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात शिक्षा होऊन ते आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात होते, आणि आगरकरांनी त्या 101 दिवसांवर पुस्तकच लिहिलं. ते आठवायलाच हवं. पण ज्या कापडाने या वस्तीचं नाव जगभरच्या मजुरांच्या अंगावर चढवलं, ते विणणाऱ्याचं, रंगवणाऱ्याचं काय? गुंडांची वंशावळ आपल्याला पाठ आहे. विणकराचं नावही ठाऊक नाही.

चीड येते ती याचीच.

या शहरात चौकांना नावं द्यायला पैसा निघतो, नावं बदलायला तर लगेच निघतो. मग महापालिकेने डोंगरीत एक पाटी लावावी. 'डंगरी' हा शब्द इथून जगात गेला, एवढंच लिहावं. मराठीत आधी, इंग्रजीत नंतर.