50 चौरस मीटरचा निकाल

काट्यावर एक किलो जास्त भरले, तर पीक कापणी प्रयोगात त्याचे हेक्टरी दोन क्विंटल होतात. बहुतेक पिकांसाठी प्लॉट 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद. हेक्टरचा 200वा भाग. मळणी करून जे वजन येते त्याला 200ने गुणले, की हेक्टरी उत्पादन हातात. सहा किलो भरले तर 12 क्विंटल, सात भरले तर 14. अशा किमान 10 प्रयोगांची सरासरी अख्ख्या महसूल मंडळाला लागू होते. ती मंडळासाठी आधीच ठरलेल्या उंबरठा उत्पादनापेक्षा जितकी खाली, त्या प्रमाणात पीक विम्याची भरपाई. वर गेली, तर ज्याच्या वावरात काहीच उरले नाही त्यालाही शून्य. 2025च्या खरिपापासून राज्यातली भरपाई मुख्यतः याच आकड्यावर अवलंबून आहे.

गुणाकारात खोट नाही. थोड्या शेतांवरून मोठ्या मुलखाचा नेमका अंदाज बांधता येतो, हे देशाला दाखवून देणाऱ्यांत साताऱ्याकडच्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. धोका कुठे आहे तेही त्यांनीच 1940च्या दशकात सांगून ठेवले. प्लॉट फार लहान घेतला तर उत्पादन फुगते. प्लॉटच्या हद्दीच्या दोरीवरचे झाड कापणाऱ्याला आतलेच वाटते, तो ते ओढून घेतो. यात लबाडी नसते, पण प्लॉट जितका छोटा तितका कडेचा वाटा मोठा, आणि चूक नेहमी एकाच बाजूला, जास्तीकडे.

शेत निवडण्याचेही तेच. गट नंबर यादृच्छिक निघाला पाहिजे. प्लॉटची जागाही शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून ठरलेली पावले मोजूनच यायला हवी, मग तिथे पीक करपलेले का असेना. गाडी पोहोचते म्हणून रस्त्याकडेचे शेत घेतले, किंवा चार पावले सरकून भरघोस पिकात दोरी टाकली, की तो नमुना मंडळाचा राहत नाही. असले 10 काय, 100 प्रयोग केले तरी सरासरी चुकीचीच येणार. अशी निवड करणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. तो एक शेत बदलत नाही, मंडळातल्या प्रत्येक खातेदाराचा दावा बदलतो.

तुमच्या गावात प्रयोग कोणत्या गटात आणि कोणत्या दिवशी आहे, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला आजच विचारा. त्या दिवशी बांधावर हजर राहा. टेप कोणत्या कोपऱ्यापासून लावला ते बघा, काट्यावरचा आकडा स्वतः वाचा आणि फॉर्ममध्ये तोच उतरल्याशिवाय कुणालाही सही करू देऊ नका.